वाचक विचारतात : जखमेवरची नॅनोतंतूंची पट्टी

मागील अंकात अतिसूक्ष्म तंतूंपासून बनवलेल्या जखमेवरच्या पट्ट्यांविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पदार्थाच्या, द्रावणाला उच्च विद्युतदाब देऊन केसाच्या शंभराव्या भागाइतके बारीक तंतू ओढायचे आणि त्यांच्या जाळीची पट्टी जखमेवर लावायची, या तंत्राची त्यात ओळख करून दिली होती. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची दीड एकर तुती आहे आणि कोष आम्ही जालन्याच्या बाजारात विकतो. रेशमापासून जखमेवरची पट्टी करतात असे आपल्या अंकात वाचले. कोषाचा धागा मुळातच बारीक असतो. मग तोच विणून पट्टी का करीत नाहीत? त्याला विजेची काय गरज? आणि या कामासाठी आमच्या कोषांना जास्त भाव मिळेल का? — एक रेशीम उत्पादक, अंबड

उत्तर : कोषाचा धागा आपल्या डोळ्यांना बारीक वाटतो, पण त्वचेच्या पेशीच्या मानाने तो जाडच आहे. त्याची जाडी साधारण १० ते २० मायक्रोमीटर असते आणि पेशीचा आकारही जवळजवळ तेवढाच असतो. शरीरात पेशी ज्या जाळीला धरून राहतात आणि सरकतात, त्या जाळीतील कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू मात्र ५० ते ५०० नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे कोषाच्या धाग्याहून कितीतरी पटींनी बारीक असतात. जखमेत ही जाळीच नष्ट झालेली असते. तिच्या जागी तात्पुरती तशाच मापाची जाळी दिली, तर कडेच्या पेशींना पुढे सरकायला आधार मिळतो, या विचारावर सगळे तंत्र उभे आहे. रेशमाचा धागा शस्त्रक्रियेत टाके घालायला आणि त्याचे कापड जखम बांधायला चालेल, पण ही जाळी होण्याइतके ते बारीक नसते.

म्हणून प्रयोगशाळेत अळीने केलेले काम आधी मोडावे लागते. कोष कापून, आतील प्यूपा काढून, कवचाचे तुकडे धुण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात उकळतात, म्हणजे धाग्यावरचा सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर निघून जातो. कवचाच्या वजनाचा २५ ते ३० टक्के भाग या सेरिसिनचाच असतो. उरलेले फायब्रोइन, म्हणजे रेशमाचे मूळ प्रथिन, लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या संपृक्तप्राय द्रावणात सुमारे ६० अंश सेल्सियसला विरघळवतात आणि मग पातळ पडद्याच्या नळीत भरून, पाणी बदलत बदलत, त्यातील क्षार काढून टाकतात. हाती येते ते किंचित पिवळसर रेशमाचे पाणी. ते तसेच ओढले तर तंतू सलग निघत नाही, म्हणून त्यात पॉलिइथिलीन ऑक्साइडसारखे दुसरे पॉलिमर थोडे मिसळतात किंवा फायब्रोइन वाळवून फॉर्मिक आम्लात पुन्हा विरघळवतात.

आता विजेकडे वळू. हे द्रावण सिरिंजमध्ये भरून पंपाने अगदी संथ, तासाला एखादा मिलिलिटर या गतीने, बोथट टोकाच्या सुईतून पुढे ढकलतात. सुईला १० ते ३० हजार व्होल्टचा दाब दिलेला असतो आणि समोर १० ते २० सेंटिमीटरवर ॲल्युमिनियमच्या वर्खाने मढवलेला भूजोडणी केलेला पत्रा असतो. दाब वाढवत नेला की सुईच्या टोकाचा गोल थेंब ताणला जाऊन शंकूसारखा होतो. हा शंकू का आणि कोणत्या कोनात बनतो याचे गणित जेफ्री टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मांडले, म्हणून त्याला टेलरचा शंकू म्हणतात. विद्युतभाराचे अपकर्षण द्रवाच्या पृष्ठताणावर मात करते त्या क्षणी शंकूच्या टोकातून एक धार सुटते. काळ्या पडद्यासमोर तिरपा दिवा धरून पाहिले तर ती सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरळ जाताना दिसते आणि मग एकदम विस्कटल्यासारखी होऊन नाहीशी होते. पूर्वी संशोधकांना वाटत असे की तेथे धारेला अनेक फांद्या फुटतात. वेगवान कॅमेऱ्याने टिपल्यावर कळले की धार बहुतेक वेळा एकच असते, पण ती इतक्या जोरात फेर घेत झोडपली जाते की डोळ्यांना तिचा पसारा दिसतो. त्या फेऱ्यांतच ती हजारो पटींनी ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि वर्खावर कोरडा तंतू पडतो. पहिली काही मिनिटे काहीच दिसत नाही, मग वर्खाची चमक मंद होते आणि हळूहळू पांढरा थर धरतो. द्रावण फार पातळ असेल तर तंतूवर मणी धरतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर सुईच्या टोकाशीच थेंब वाळून बसतो आणि तो सारखा पुसावा लागतो, म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत यंत्राच्या पेटीतील आर्द्रता नियंत्रित केलेली असते. शेवटी रेशमाची ही चादर मिथेनॉलच्या संपर्कात ठेवतात. त्यामुळे फायब्रोइनच्या रेणूंची घडी बदलते. हे केले नाही तर पट्टी जखमेच्या ओलाव्यात विरघळून जाईल.

तंत्र नवे नाही. आंटोन फोर्महाल्स यांना १९३४ मध्येच अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले होते, पण त्यांचा हेतू कापडासाठी कृत्रिम धागा काढण्याचा होता. १९९० च्या दशकात अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांच्या गटाने त्याचा पुन्हा अभ्यास सुरू केला आणि त्यानंतर वैद्यकीय उपयोगांकडे जगभरच्या प्रयोगशाळा वळल्या.

भावाविषयी मात्र आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. एक किलो ओल्या कोषांत कवच साधारण २०० ग्रॅम निघते आणि सेरिसिन गेल्यावर सुमारे १४० ग्रॅम फायब्रोइन उरते. द्रावणात ८ टक्के रेशीम धरले, तर तासाला एक मिलिलिटर सोडणारी सुई तासाभरात ८० मिलिग्रॅम रेशीम वापरते. म्हणजे आपला एक किलो कोष संपवायला एका सुईला सुमारे पावणेदोन हजार तास लागतील. सुईऐवजी द्रावणात फिरणारा दंड किंवा तार वापरून एकाच वेळी असंख्य धारा काढणारी मोठी यंत्रे आहेत. चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्स येथे त्यांचा विकास झाला. तरीही वजनाने पाहता वैद्यकीय वापराची मागणी सूतगिरणीच्या मानाने नगण्यच राहणार. शिवाय येथे धाग्याच्या लांबीला किंमत नाही. जो पोचट, डागी किंवा फुटका कोष रिळिंगवाला, म्हणजे कोषाचा धागा उलगडणारा, बाजूला काढतो, तोही स्वच्छ असल्यास चालतो. त्यामुळे चांगल्या कोषाचा भाव पुढेही धाग्यासाठीच ठरेल, असे धरूनच तुतीचा हिशेब करावा.

प्रश्न : जत्रेत ‘बुढ्ढी के बाल’ काढणारे यंत्र आणि हे यंत्र यांत तत्त्वतः काही फरक आहे का? आम्हा मित्रांना विज्ञान प्रदर्शनासाठी ते करून पाहायचे आहे. — महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर

उत्तर : आहे. त्या यंत्रात साखर वितळते आणि फिरणाऱ्या भांड्याच्या भोकांतून बाहेर फेकली जाते. ओढणारे बल फिरण्याचे असते, वीज फक्त तापवते आणि मोटर फिरवते. येथे द्रावणावर चढवलेला विद्युतभारच तंतू ओढतो. पॉलिमरचे तंतू केवळ फिरवूनही काढता येतात आणि तशी यंत्रेही आहेत, त्यामुळे तुमची शंका अगदीच अस्थानी नाही. प्रदर्शनाचा बेत मात्र सोडा. वीस हजार व्होल्टचा पुरवठा, जवळच द्रावक म्हणून वापरलेल्या ॲसिटोन किंवा क्लोरोफॉर्मची वाफ आणि बंद खोली हे घरी जुळवण्याचे साहित्य नव्हे. ॲसिटोनची वाफ एका ठिणगीने पेट घेते. मार्गदर्शक आणि वायुवीजनाची पेटी असलेल्या प्रयोगशाळेतच ते पाहावे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६१ असून त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी तळव्याला भोवरी होती. ती फुटून जखम झाली, तिला आता चार महिने होत आले. दुखत नाही, म्हणून ते शेतात जायचे थांबत नाहीत. आम्ही रोज ड्रेसिंग करतो. ओळखीच्या एकाने ‘नॅनो पट्टी’ लावा, पंधरा दिवसांत जखम भरेल, असे सांगितले. एकेका पट्टीला काही हजार रुपये पडतात. घ्यावी का? — एक वाचक, केज तालुका

उत्तर : आताच घेऊ नये. आधी पाय दाखवावा आणि तोही या आठवड्यातच.

आपल्या पत्रात सर्वांत काळजीचे शब्द ‘दुखत नाही’ हे आहेत. चार महिन्यांची उघडी जखम दुखत नाही याचा अर्थ, बहुधा, पायाच्या नसांची संवेदना मधुमेहाने गेलेली आहे. ज्याला टोचलेले कळते तो माणूस नकळत पाय वाकडा टाकतो, लंगडतो आणि जखमेवरचा भार टाळतो. आपले वडील सरींमधून चालताना प्रत्येक पावलाला पूर्ण भार नेमका त्याच जागी देत असणार. भोवरी हीच मुळी त्या जागी सतत दाब पडत असल्याची खूण असते आणि तिचा कडक थर खालच्या मऊ भागावरचा दाब आणखी वाढवतो. वरून कितीही उत्तम पट्टी लावली तरी खालची नवी ऊती दर पावलाला चिरडली जात असेल, तर जखम भरणार कोठून? म्हणून तळव्याच्या अशा जखमेत पहिला उपचार म्हणजे भार काढणे. त्यासाठी पायाला नीट बसेल असा, गुडघ्याखालपर्यंतचा, भार सर्वत्र वाटून देणारा साचा घालतात किंवा तसा बूट देतात. पायाला रक्त कमी पोहोचत असेल किंवा जखमेत मोठा संसर्ग असेल तर या साच्याचा निर्णय जपून घ्यावा लागतो, तेव्हा तो डॉक्टरांवरच सोपवावा.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची. डॉक्टर घोट्याजवळच्या नाड्या हाताने पाहतील, गरज वाटल्यास घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतील. मधुमेहात रोहिण्यांच्या भिंती कडक होतात, त्यामुळे हा आकडा कधी कधी खोटाच चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातील दाब किंवा ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी डॉप्लर तपासणी जास्त विश्वासाची. रक्तच पोहोचत नसेल तर आधी बंद झालेली वाट मोकळी करावी लागते. तिसरी गोष्ट संसर्गाची. चार महिन्यांच्या जखमेत निर्जंतुक बोथट सळई घातली आणि ती हाडाला लागली, तर हाडापर्यंत संसर्ग पोहोचला असण्याची शक्यता बरीच वाढते, मग एक्स-रे आणि पुढच्या तपासण्या ओघाने येतात. संवेदना पाहण्याची साधी परीक्षा म्हणजे १० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून, डोळे मिटलेल्या रुग्णाला तो कळतो का ते विचारणे. या सगळ्यासाठी मोठ्या शहरातच जायला हवे असे नाही. आपल्याला जवळचे म्हणजे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. मात्र पाय लाल होऊन सुजला, दुर्गंधी किंवा पू येऊ लागला, बोट काळे पडले, ताप किंवा थंडी भरली, तर आठवड्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी जावे.

आता पट्टीविषयी. जखम भरताना आधी रक्त गोठते, मग दाह होऊन मेलेल्या पेशी आणि जंतू साफ होतात, मग नवी ऊती आणि नव्या रक्तवाहिन्या येतात आणि शेवटी व्रण हळूहळू मजबूत होतो. जुनाट जखम बहुधा दाहाच्या अवस्थेतच अडकलेली असते. तेथे प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) एवढी माजलेली असतात की पेशी जी नवी जाळी विणतात ती लगेच तुटते. बाहेरून दिलेली नॅनोतंतूंची जाळी या विकरांपुढे काही काळ टिकाव धरते आणि जखम ओलसर ठेवते. जखम कोरडी ठेवावी, खपली धरू द्यावी असे आपल्याकडे अजूनही मानतात. पण संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या वरवरच्या जखमांवर दाखवून दिले की पातळ आवरणाखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर त्वचेचा थर उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरतो. नॅनोतंतूंच्या जाळीची भोके बहुतेक जंतूंहून लहान असतात, पण पाण्याची वाफ त्यांतून जाते, एवढा तिचा गुण खरा. तिची अडचणही त्याच भोकांत आहे. जी जाळी जंतूला आत येऊ देत नाही ती पेशीलाही सहज आत शिरू देत नाही, आणि पेशी वरच्या वर पसरून राहतात. म्हणून काही ठिकाणी जाड आणि बारीक तंतू मिसळून जाळी सैल करतात. अमेरिकेत २०१७ मध्ये परवानगी मिळालेली ‘रेस्ट्राटा’ ही पट्टी अशाच मिश्र मापांच्या तंतूंची आहे. तिच्यातील पॉलिमर आपल्या शस्त्रक्रियांत वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या, शरीरात विरणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांचेच आहेत, म्हणून त्यांच्याविषयी डॉक्टरांना पुरेसा अनुभव आहे. परंतु तीही भार काढणे, मेलेली ऊती कापून साफ करणे आणि संसर्गाचा बंदोबस्त यांच्या जोडीनेच वापरायची असते.

‘पंधरा दिवस’ हा आकडा कोठून आला असावा याचा मी अंदाज करतो. या विषयावरील बहुतेक शोधनिबंधांत उंदरांच्या पाठीवर गोल जखम करून ती चौदा ते एकवीस दिवस पाहिलेली असते. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, त्यामुळे त्याची जखम मुख्यतः कडा आक्रसून मिटते. माणसाची, आणि त्यातही तळव्याची, जखम आतून नवी ऊती भरत वर येते. उंदराचे दिवस माणसाला लावता येत नाहीत. मधुमेही पायाविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर केवळ जखम भरावी म्हणून जंतुनाशकयुक्त, मधाच्या, कोलॅजेनच्या किंवा वनौषधींच्या पट्ट्या वापरू नयेत असे सुचवले आहे, कारण त्यांच्या लाभाचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. भार काढणे, सफाई, रक्तपुरवठा आणि साखर हे सगळे नीट सांभाळूनही काही आठवड्यांत जखम लहान होत नसेल, तर त्या वेळी डॉक्टरांशी बोलून अशा पट्टीचा विचार जरूर करावा. आज ते काही हजार रुपये भार काढणाऱ्या साच्यावर खर्च झाले तर अधिक उपयोगी पडतील. जखम भरल्यावर मऊ एमसीआर (सूक्ष्म पोकळ्यांच्या) रबराच्या तळव्याची चप्पल घ्यावी. रानात आणि घरातही वडिलांना अनवाणी चालू देऊ नये. मे महिन्यात तापलेल्या फरशीवरून चालून तळवा भाजला तरी त्यांना ते कळणार नाही.

प्रश्न : आमच्या भागात कापले-खरचटले की हळद दाबण्याची पद्धत आहे. हळदीची नॅनोतंतूंची पट्टी निघाली तर वसमतच्या हळदीला नवे गिऱ्हाईक मिळेल काय? हळदीचे पेटंट अमेरिकेने घेतले होते ते याच संदर्भात का? — शिक्षिका, वसमत

उत्तर : ते पेटंट पट्टीचे नव्हते, जखम भरण्यासाठी हळदीची पूड वापरण्याचेच होते. १९९५ मध्ये ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांच्या नावे देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवून ही माहिती नवी नसल्याचे दाखवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्या निकालाने हळदीचा वापर जुना आहे एवढे सिद्ध झाले. हळदीने जखम किती भरते, हा त्या खटल्याचा विषय नव्हता.

हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि उजेडात टिकत नाही. जखमेवर पूड दाबली तर त्यातील फारच थोडे पेशींपर्यंत पोहोचते. पॉलिमरच्या द्रावणात कर्क्युमिन मिसळून त्याचे तंतू ओढले की ते स्फटिक न बनता तंतूभर विखुरलेले राहते आणि हळूहळू बाहेर पडते. म्हणून प्रयोगशाळांचे या द्रव्यावर विशेष प्रेम आहे. त्यातही एक खोच आहे. जे औषध तंतूच्या पृष्ठभागाशी असते ते पहिल्या काही तासांतच निघून जाते आणि नंतर पट्टी नुसती पट्टी उरते. हे टाळण्यासाठी एका सुईत दुसरी सुई बसवून, आत औषध आणि बाहेर पॉलिमरचे कवच असा दुपदरी तंतू काढतात. निष्कर्ष उत्साहवर्धक असले तरी ते बहुतांशी प्राण्यांवरचे आहेत.

गिऱ्हाईक म्हणाल तर हळदीत कर्क्युमिन साधारण ३ ते ५ टक्के असते आणि पट्टीला लागते ते मिलिग्रॅममध्ये, तेही शुद्ध केलेले. वसमतच्या बाजारात ज्या मापाने हळद उतरते त्यापुढे ही मागणी दिसणारही नाही. आणि डब्यातील हळद उघड्या जखमेवर दाबू नये हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. ती निर्जंतुक नसते आणि पिवळेपणासाठी तिच्यात लेड क्रोमेट म्हणजे शिशाचा रंग मिसळल्याचे प्रकार आपल्या उपखंडात उघडकीस आलेले आहेत.

प्रश्न : भाजलेल्या रुग्णांचे गॉज बदलताना ते जखमेला चिकटून येते आणि रुग्ण कळवळतो. नॅनोतंतूंची पट्टी चिकटत नाही हे खरे का? — परिचारिका, निलंगा

उत्तर : बऱ्याच अंशी खरे. सुती गॉजच्या दोन धाग्यांमधील मोकळ्या जागेत नवी ऊती वाढते आणि स्राव वाळतो, म्हणून गॉज उचलताना तीही उपटली जाते. नॅनोतंतूंच्या जाळीत तेवढी मोकळी जागाच नसते. काही पट्ट्या तर काढायच्याच नसतात. इस्रायलमधील नॅनोमेडिक या कंपनीचे ‘स्पिनकेअर’ हे हातात धरायचे यंत्र थेट जखमेवर तंतू फवारून आवरण तयार करते आणि खाली नवी त्वचा आली की ते आवरण आपोआप सुटते. अंगाच्या बाकदार भागावरही ते नीट बसते. पण आपल्या रुग्णालयात आज करता येण्याजोगा उपाय याहून खूप साधा आहे. उथळ भाजलेल्या जखमेवर सुके गॉज थेट न ठेवता खाली पॅराफिन गॉज ठेवावे आणि जे चिकटले असेल ते सलाइनने चांगले भिजवल्याशिवाय ओढू नये.

प्रश्न : माझे औषधांचे दुकान आहे. ‘नॅनो’ लिहिलेल्या अनेक पट्ट्या वितरक दाखवतात. खऱ्या कशा ओळखाव्या आणि उन्हाळ्यात त्या कशा ठेवाव्या? — औषधविक्रेते, परभणी

उत्तर : ‘नॅनो’ या शब्दावर जाऊ नये. बहुतेक वेळा त्याचा अर्थ साध्या कापडावर किंवा फोमवर चांदीचे सूक्ष्म कण बसवले आहेत एवढाच असतो, आणि त्या पट्टीत नॅनोतंतू एकही नसतो. ती वाईट असते असे नव्हे, ती वस्तू वेगळी. पाकिटावर पट्टी कशाची आहे ते वाचावे. पॉलिकॅप्रोलॅक्टोन, पॉलिलॅक्टिक आम्ल, जिलेटिन, कायटोसान अशी नावे असतील आणि तंतूंची जाळी असल्याचा स्पष्ट उल्लेख असेल, तर पुढे परवाना पाहावा. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार अशा पट्ट्या वैद्यकीय उपकरणात मोडतात. जखम किती खोल आहे, पट्टीत औषध आहे का आणि ती शरीरात विरते का, यांवरून तिचा अ ते ड यांपैकी वर्ग ठरतो. देशात बनलेल्या पट्टीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि परदेशातून आलेल्या पट्टीवर आयात परवान्याचा क्रमांक छापलेला असायला हवा. वितरकाकडे त्या परवान्याची प्रत मागावी. ‘प्रत नंतर पाठवतो’ असे म्हणणाऱ्याचा माल नंतरच घ्यावा.

साठवणीचा प्रश्न आपल्याकडे खरोखर महत्त्वाचा आहे. पॉलिकॅप्रोलॅक्टोन सुमारे ६० अंश सेल्सियसला वितळते. परभणीत मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत काचेजवळ तेवढे तापमान सहज होते. तेथे राहिलेल्या खोक्यातील तंतू एकमेकांत मिसळून जाळीची भोके बुजतात आणि पट्टी बाहेरून पाहून ते ओळखूही येत नाही. त्यामुळे पार्सल दुपारच्या बसच्या टपावरून येत असेल तर ते सकाळी मागवावे आणि पाकिटावर जे तापमान लिहिले असेल तेच पाळावे. फ्रीजमध्ये ठेवा असे लिहिलेले नसताना फ्रीजमध्येही ठेवू नये, कारण आत-बाहेर काढताना पाकिटावर ओल धरते आणि जिलेटिनच्या पट्टीला ती ओल मानवत नाही. जिलेटिन पाण्यात टिकावे म्हणून त्याचे रेणू रसायनाने जोडलेले असतात. त्यासाठी वापरलेले ग्लुटाराल्डिहाइड नीट धुतले गेले नसेल तर ते पेशींना घातक ठरते, म्हणून नामांकित उत्पादकाचा माल घेण्याला येथे अर्थ आहे.

डॉक्टर कधी कधी उघडलेली पट्टी रुग्णालयातील ऑटोक्लेव्हमध्ये पुन्हा निर्जंतुक करता येईल का, असे आपल्याला विचारतील. त्यांना नाही म्हणून सांगावे. ऑटोक्लेव्हचे १२१ अंश तापमान या तंतूंना सहन होत नाही. कारखान्यात त्या इथिलीन ऑक्साइड वायूने किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या असतात आणि त्याची खूण पाकिटावर असते. शिवण उसवलेले किंवा पुन्हा चिकटवल्यासारखे दिसणारे पाकीट मुदत शिल्लक असली तरी विकू नये, वितरकाला बिलासह परत पाठवावे.